जेवढं हाड, तेवढंच

माझ्या नवऱ्याला धडक देऊन पळालेली जीप एकाच माणसानं पाहिली, आणि तो माणूस आमचे हाडूकसर निघाले. दुसरा कोणीही असता, अगदी रस्त्याकडेचा पंक्चरवाला असता, तरी कोर्टात म्हणाला असता, "हो साहेब, हेच गाडी होती." पण माझ्या नशिबी सर आले.

सर आता नाहीत. गेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी ते जसे होते तसे सांगते. त्यातलं चांगलं कोणतं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रिसोडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे. उंच, वाळके, मान जरा पुढं काढून चालणारे. भर मे महिन्यातही पांढरा फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग, ते शर्टाच्या खिशात टाकलेलं. हातातल्या थैलीत कायम कोणाचं ना कोणाचं हाड असायचं, म्हणून पोरं हाडूकसर म्हणायची. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "सर, याच्यात काय हाय?"

"घोरपडीचा जबडा."

कंडक्टर मागं सरकला. "जिती हाय का?"

"जबड्यावरून तं नाही वाटत," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. ते विनोद करत नव्हते. विनोद करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"सर, आज पाऊस येते का?" असं विचारलं तर ते वर पाहायचे. "ढग हायेत." बस, एवढंच. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. त्या सांगायच्या, "लग्न झाल्यापासून एकदा म्हटलं नाही की भाजी चांगली झाली. इचारलं तं म्हणते, भूक होती म्हणून चांगली लागली का खरंच चांगली होती, ते सांगता येत नाही. सांग बाई, अशा माणसाले काय वाढावं?" पोरांच्या वह्या तपासताना सर लाल शाईनं एकच वाक्य लिहायचे, 'जेवढं हाड, तेवढंच बोलावं.' एका पालकानं प्राचार्यांकडे तक्रार केली होती, की माझ्या पोरीच्या वहीत हे हाडाबिडाचं काय लिहून राह्यले.

पण सर धरसोड करणारे होते असं कोणी समजू नये. जिथं खात्री असायची तिथं ते बाभळीच्या काट्यासारखे होते. किन्हीराजाकडचा एक माणूस मोटारसायकलवर चादरीत गुंडाळून मोठा गोल दगड घेऊन आला होता. त्याच्या शेतात निघाला होता. गावात बोंब झाली होती की डायनासोरचं अंडं सापडलं, पेपरवाला फोटो काढायला तयार बसला होता, फक्त सरांनी एक शब्द बोलायचा होता. सरांनी दगड हातातही घेतला नाही.

"हा आपला काळा दगड हाय. जुना झाला की कांद्यासारखा सोलत जाते. आत दुसरा गोटा निघन, त्याच्या आत तिसरा."

"सर, असू शकते, असं तरी म्हणा ना! एवढ्या दुरून आलो."

"असू शकत नाही."

माणूस चादर तिथंच टाकून गेला. दगड आमच्या ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून पुष्कळ दिवस होता.

डायनासोर हा सरांचा विषय होता. तोही सगळा नाही. मोठमोठ्या, पिक्चरमध्ये दाखवतात त्या जनावरांत त्यांना काही रस नव्हता. अगदी सुरुवातीला जे मांस खाणारे झाले, कुत्र्याएवढे, फार तर वासराएवढे, दोन पायांवर पळणारे, तेवढेच त्यांचे. एकदा इतिहासाच्या सरांनी गावाकडून कोंबड्याचा रस्सा आणला होता. स्टाफरूममध्ये जेवणं चालली होती. वाणिज्यचे जैन सर आधीच आपला डबा घेऊन खिडकीपाशी सरकले होते. हाडूकसरांनी इतिहासवाल्यांच्या ताटातली चघळून टाकलेली तंगडी उचलली, बेसिनवर धुतली आणि एकेकाच्या हातात द्यायला लागले.

"बोट फिरवा. बाहेरच्या अंगानं उभा काठ लागते का? नडगीच्या बाजूचं बारीक हाड तिथं चिकटते. त्या पहिल्या मांसखाऊंच्या नडगीलेबी असाच काठ असते. त्यांच्या वेळच्या बाकीच्या शिकारी जनावराइले नसते."

"म्हणजे सर, आता कोंबडीले डायनासोर म्हणता का?" इतिहासवाले हसत म्हणाले.

"मी नाही म्हणत. नडगी म्हणते."

सगळे हसले. आमचे हे तेव्हा तिथंच होते. घरी येऊन त्यांनी मला तो प्रसंग करून दाखवला, मान पुढं काढून, माझ्या हातात लाटणं देऊन. सरांबद्दल मी ऐकलेली ती पहिली गोष्ट.

आमचे हे त्याच कॉलेजात पीटीचे सर होते. त्या संध्याकाळी मुलींची कबड्डीची प्रॅक्टिस संपवून मोटारसायकलवर वाशीमला घरी निघाले. हाडूकसर फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे होते. यांनी गाडी थांबवली. "सर, चालता का?" सर म्हणाले, "बस येईल." हे पुढं गेले आणि पुढच्याच वळणावर समोरून आलेल्या जीपनं त्यांना उडवलं. सरांनी आवाज ऐकला. ते वळणापर्यंत धावत पोचले तेव्हा जीप उलटी फिरून वाशीमकडे भरधाव निघाली होती. सरांना तिची पाठ दिसली, तीही धुळीत.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सर बाकड्यावर बसले होते. पांढरा शर्ट छातीपासून खाली सगळा लाल. रस्त्यावर यांचं डोकं त्यांनीच मांडीवर घेतलं होतं, आणि हे तिथंच गेले होते. मी विचारलं, "काही बोलले का?"

"पाणी मांगतलं."

"अजून?"

"अजून काही बोलले. मले नीट ऐकू आलं नाही."

"माझं नाव घेतलं का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी कोणीही 'हो' म्हणालं असतं. माझी सासू म्हणाली असती, कंपाउंडर म्हणाला असता, रस्त्यावरचं कोणीही म्हणालं असतं. एका 'हो'नं कोणाचं काय जाणार होतं? सर म्हणाले, "सांगता येत नाही."

जीप कोणाची होती हे रिसोडात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या संस्थेच्या एका संचालकाचा भाचा तसली पांढरी जीप घेऊन गावभर हिंडायचा. दुसऱ्या दिवशी तो मामाच्या घरून दिसेनासा झाला आणि जीप गॅरेजातून नवीन बंपर लावून बाहेर आली. पण माहीत असणं वेगळं आणि कोर्टात उभं राहून सांगणं वेगळं. गॅरेजवाल्याला आठवेना. पानठेलेवाल्याला दिसलं नव्हतं. राहिले एकटे सर. स्टाफमधले सगळे मला धीर द्यायचे, "वहिनी, हाडूकसर खोटं बोलणार नाहीत, तुम्ही निर्धास्त राहा." खोटं बोलणार नाहीत, हीच तर गोची होती, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वाशीमच्या कोर्टात मी पुढच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी जीपचा फोटो सरांच्या हातात दिला. सरांनी खिशातून भिंग काढलं. भर कोर्टात. मागं कोणीतरी हसलं.

"गाडी पांढरी होती," सर म्हणाले. "मागच्या दाराले स्टेपनी होती. उजवा लाल दिवा फुटेल होता."

"हीच गाडी ना?"

"अशीच होती."

"साहेब, हीच का, ते विचारतो मी."

"या फोटोत दोन्ही दिवे साबूत हायेत. नवे बसवले असतील. नसतीलबी. मी पाठ पाह्यली. नंबर पाह्यला नाही, चालवणारा पाह्यला नाही. पाठीवरून मी ते जात सांगू शकतो, ते गाडी सांगू शकत नाही."

आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी घ्यावीच लागली नाही. तो उठून नुसता म्हणाला, "धन्यवाद, सर." संशयाचा फायदा मिळून भाचा सुटला. कोर्टाच्या आवारात त्याच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर घेतलं. सर पायऱ्या उतरून माझ्याजवळ आले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "तुमच्या मांडीवर गेले ते. तरी?"  मी रिक्षात बसून निघून गेले.

पुढं मला यांच्या जागी अनुकंपेवर त्याच कॉलेजात घेतलं, ऑफिसात क्लार्क म्हणून. सरांशी तोवर सगळ्यांनी बोलणं टाकलं होतं. स्टाफरूमचा चहा त्यांच्यापुढं यायचा नाही. विकल्या गेले, असं तोंडावर म्हणायचे. मलाही तसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तसं असतं तर बरं झालं असतं. विकल्या गेलेल्या माणसाचा राग करता येतो.

शिक्षकदिनाला संस्थेनं सरांचा सत्कार ठेवला. त्याच मामा-संचालकांनी स्वतःच्या हातानं शाल पांघरवली आणि उपप्राचार्यपदाचा विचार चालू असल्याचं माइकवर सांगितलं. सरांनी शाल काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला.

"मी तुमच्यासाठी काही केलं नाही," ते म्हणाले, माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मले जे दिसलं नाही ते सांगतलं नाही. गाडी तुमची नव्हती, असंबी मी म्हटलं नाही."

उपप्राचार्यपद गेलं ते गेलंच. वर सकाळी सातचं प्रॅक्टिकल त्यांच्या गळ्यात पडलं, म्हणजे वाशीमहून पहिल्या एसटीनं येणं. म्हणजे सर इकडचेही राहिले नाहीत आणि तिकडचेही नाहीत. लोकांनी तेव्हा तरी ओळखायला हवं होतं की हा माणूस विकल्या गेलेला नाही. ओळखलंही असेल. पण चहा काही सुरू झाला नाही.

संध्याकाळी परतीची बस आमची एकच. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी बस भरलेली, जागा फक्त त्यांच्याशेजारी. मी उभी राहिले. सर सरकून खिडकीला टेकले आणि म्हणाले, "बसा. मी काही बोलत नाही." खरंच बोलले नाहीत, कितीतरी महिने. मग कधीतरी मीच विचारलं. मला चीड होती आणि चीड असलेल्या माणसाला कुठंतरी बोट घालायचं असतं. मी म्हटलं, "काकू म्हणतात, एका हाडापायी तुमी इथं येऊन पडले. खरं हाय का?"

"हाडापायी नाही," सर म्हणाले. "हाडाच्या तुटेल जागेपायी."

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते पीएच.डी. करत होते. सिरोंच्याकडे, प्राणहितेच्या अंगाला, लाल मातीची रानं आहेत. अख्खं जनावर तिथं कधी सापडत नाही. पाऊस माती वाहून नेतो आणि एखादा मणका, एखादा मांडीच्या हाडाचा गोळा उघडा पडतो. त्या एकट्या तुकड्यावरून जनावर ओळखायचं. दातावर भरवसा ठेवायचा नाही, कारण करवतीसारखे दात त्या वेळच्या मगरीच्या भाऊबंदांनाही होते. हाड पोकळ आहे म्हणूनही भागत नाही. पोकळ हाडांचे इतरही होते. एकेक खूण जमवत जायची आणि सगळ्या खुणा एका बाजूला पडल्या तरच नाव घ्यायचं. सरांना तिथं एका नडगीचा वरचा अर्धा भाग सापडला, वीतभर. हलकी, पोकळ. सगळं जुळत होतं. पण ज्या जागी तो उभा काठ असायला हवा, नेमकं तिथंच हाड फुटलेलं.

"आमचे गाइड म्हणे, हा काठाचा बुडखा हाय. मी म्हणो, हे नुसती फुटीची कड असन. त्याइनं पेपर लिहिला, पहिल्या मांसखाऊंपैकी एक म्हणून. त्याच्यात माहं नाव टाकलं. मी म्हटलं, काढा."

"मग?"

"काढलं. मलेबी काढलं."

बाहेर सोयाबीनची सोंगणी चालू होती. मी विचारलं, "पस्तावा नाही होत?"

"पस्तावा कायचा? काठ दिसत नव्हता."

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही असेच शेजारी बसून जात होतो. दोस्ती म्हणणार नाही मी. घरी कोणाशी बोलता येत नाही ते त्या बसमध्ये बोलता यायचं, एवढं खरं, कारण सर कधी सांत्वन करायचे नाहीत. काकूंना अर्धांगवायू झाला तेव्हा सगळं सरांनीच केलं, वेणीसुद्धा घालायचे. काकूंनी एकदा मला जवळ बोलावून अडखळत सांगितलं, "मी इचारलं, मी बरी होईन का. खोटं तरी बोलावं ना बाई." काकू गेल्या. सर दुसऱ्या आठवड्यात पहिल्या एसटीनं कॉलेजात.

त्यांच्या रिटायरमेंटला थोडे महिने राहिले होते. एका संध्याकाळी बसमध्ये त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यांना मोबाइल धड धरता यायचा नाही, दोन्ही हातांत वाटीसारखा धरायचे. स्क्रीनवर एका हाडाचे फोटो होते. कोण्या एका तरुण संशोधक मुलीनं पाठवले होते, फोनही केला होता तिनं. त्याच लाल मातीत तिच्या लोकांना जवळजवळ अख्खा पाय सापडला होता. दोन्ही नडग्या, दोन्हींवर स्वच्छ काठ. मग तिनं सरांची जुनी नडगी युनिव्हर्सिटीच्या कपाटातून काढून, दवाखान्यात डोक्याचा काढतात तसला स्कॅन काढला. आत हाडाचे थर त्या फुटलेल्या जागेकडे उचलत गेलेले दिसत होते. तो काठाचा बुडखाच होता.

"म्हणजे तुमचे गाइड बरोबर होते," मी म्हटलं. मला आनंद झाला होता. लपवायचं कशाला?

"जनावर बरोबर होतं."

"तुमी चुकले, सर."

"त्याइनं जे म्हटलं ते खरं निघालं. पण तेव्हा त्याइले ते माहीत नव्हतं. कोणालेच नव्हतं."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी म्हटलं, "तुमचं बरं हाय. तुमचं हाड पुन्हा निघालं. माह्या माणसाची जीप कोणत्या मातीतून निघणार हाय?" पुढच्या सीटवरची बाई मागं वळून पाहायला लागली. मला थांबता येईना. "एक सांगा. तुमाले तेव्हा वाटत काय होतं? कोर्टात नाही, मनात."

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. भिंग आणि मोबाइल एकाच खिशात, त्याचा आवाज झाला.

"तेच जीप होती, असं वाटत होतं," ते म्हणाले. "तोच पोरगा. आजबी वाटते. आणि ते नडगीबी मांसखाऊचीच हाय, असं मले पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"वाटते का, असं कोणी इचारलं नाही, बाई. दिसलं का, असं इचारलं."

मी वाशीम येण्याआधीच, मधल्या फाट्यावर उतरून गेले. मागून येणाऱ्या काळीपिवळी टॅक्सीनं घरी आले. त्यानंतर बसमध्ये मी त्यांच्याशेजारी बसले नाही. जागा असली तरी उभी राहायची. सर दर वेळी खिडकीकडे सरकून जागा करायचे, आणि मी बसले नाही तरी वाशीमपर्यंत तसेच सरकलेले राहायचे.

रिटायर झाल्यावर ते घरात एकटेच होते. आंघोळीला का उठले नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी दार वाजवलं, तेव्हा झोपेतच गेलेले. मी मातीला गेले नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. हॉलमध्ये सरांचा फोटो, हार, उदबत्त्या. व्यवस्था ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे. जे लोक त्यांच्यापुढं चहा ठेवत नव्हते ते एकेक करून उठले आणि सरांची सत्यनिष्ठा, सरांचा साधेपणा, सरांचा व्यासंग असं बोलून बसले. शेवटी अध्यक्षीय भाषण. मामा म्हातारे झाले, त्यामुळे संस्थेचा कारभार आता भाचाच पाहतो. अंगानं सुटलाय, डोळ्यांवर चष्मा आलाय, लोक त्याला दादासाहेब म्हणतात. पोरांशी बरा वागतो, असंही म्हणतात.

तो उठला. कागद वगैरे काही नव्हता. फोटोचा हार सरळ केला, आणि मनापासूनच असावं, कारण बोलला ते आपल्या घरच्या भाषेत.

"मी काही मोठं बोलणार नाही. सरांचे माह्यावर लई उपकार हायेत. ते म्या जल्मात फेडू शकत नाही."

 प्राचार्य टेबलाकडे पाहायला लागले. मी बाजूला उदबत्तीचं घर घेऊन उभी होते. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "कोणते उपकार, दादासाहेब?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.   प्राचार्य घाईघाईनं उभे राहिले, माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाले, "आता आपण सर्वजण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानंही घातली. मी नाही घातली. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. मधेच, संपलं का ते बघायला असेल, त्यानं डोळे वर केले, मी पाहतेय हे पाहिलं, आणि पुन्हा खाली केले.